बहुभाषिक संकेतस्थळाच्या हेडर-फुटरचे भाषांतर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात एकाच दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि हिंदी अशा पाचही भाषा कानावर पडतात. त्यामुळे येथील चादरी-टॉवेलच्या व्यापाऱ्याने संकेतस्थळ करायला घेतले की ते एका भाषेत पुरत नाही. पानांवरील मजकुराचे भाषांतर कोणीतरी करून देतो. पण प्रत्येक पानाच्या डोक्यावरची पट्टी आणि तळाची पट्टी, म्हणजे हेडर आणि फुटर, महिनोन्महिने इंग्रजीतच राहतात. अशी संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांकडून आणि ती चालवणाऱ्या व्यापाऱ्यांकडून माझ्याकडे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

सगळ्या पानांचे मराठी भाषांतर झाले, तरी हेडर आणि फुटर इंग्रजीतच का दिसतात?

कारण हेडर आणि फुटर हे कोणत्याच पानाचा भाग नसतात. ‘आमच्याविषयी’ हे पान उघडून त्यातील मजकूर मराठीत लिहिला, तरी त्या पानाच्या वर दिसणारी मेनूची पट्टी दुसरीकडे साठवलेली असते आणि पान दाखवण्याच्या क्षणी ती वर चिकटवली जाते. शिवाय या पट्टीतले शब्दही एका जागी नसतात. मेनूतील नावे डेटाबेसमध्ये मेनू म्हणून असतात, संकेतस्थळाचे नाव आणि त्याखालचे घोषवाक्य सेटिंग्जमध्ये असते, शोधपेटीतील फिकट अक्षरातला शब्द थीमच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या तयार सजावटीच्या, फाइलीत असतो, फुटरमधील पत्ता एखाद्या विजेटमध्ये, म्हणजे पट्टीत बसवलेल्या छोट्या चौकटीत, असतो, कार्टच्या चिन्हाशेजारचा शब्द दुकानाच्या प्लगिनमधून, म्हणजे वरून जोडलेल्या प्रोग्रॅममधून, येतो आणि बोधचिन्हातील अक्षरे तर अक्षरेच नसतात, ते चित्र असते. एका ओळीत शेजारी शेजारी बसलेले सहा शब्द सहा वेगवेगळ्या घरांतून आलेले असू शकतात. भाषांतर करणाऱ्याचा वेळ शब्द सुचण्यात जात नाही, या घरांचे पत्ते शोधण्यात जातो.

मग कोणता शब्द कोठून येतो, हे शोधायचे कसे?

माझी पद्धत अगदी साधी आहे. हेडर आणि फुटरचे संगणकावरचे आणि मोबाइलवरचे चित्र छापून घ्यावे आणि त्यावरील प्रत्येक शब्दाला पेनने क्रमांक द्यावा. मोबाइलवरचे चित्र वेगळे घेणे आवश्यक आहे, कारण तीन रेघांच्या बटणामागे लपलेला मेनू पुष्कळदा निराळा असतो आणि ‘बंद करा’सारखे शब्द फक्त तेथेच दिसतात. त्यानंतर एकेक शब्द त्याच्या संभाव्य घरी जाऊन मुद्दाम बदलून पाहावा : मेनूत एका नावापुढे टिंब देऊन पान ताजे केले आणि ते टिंब वर दिसले, तर घर सापडले. न दिसल्यास आधी कॅशे, म्हणजे पानांच्या जुन्या प्रतींचा साठा, रिकामी करावी, कारण जुनीच प्रत दिसत राहिल्याने ‘येथे बदल करून उपयोग होत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि पुढचे दोन तास वाया जातात. हा कागद जपून ठेवावा. उद्या तेलुगू जोडायची झाली, तर तोच कागद पुन्हा कामाला येतो.

डोळ्यांना न दिसणारे शब्दही याच कागदावर लिहून ठेवावेत. बोधचिन्हाचा पर्यायी मजकूर, चिन्हांच्या बटणांची नावे आणि कळफलकाने फिरणाऱ्यांसाठी पानाच्या अगदी आरंभी दडवलेला ‘मुख्य मजकुराकडे जा’ हा दुवा, हे सर्व अंध वापरकर्त्याला पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या त्याच्या वाचकयंत्रातून ऐकू येतात आणि बहुतेक वेळा इंग्रजीतच ऐकू येतात.

वर्डप्रेसमध्ये प्रत्यक्ष काय करावे?

येथील बहुतेक व्यापाऱ्यांची संकेतस्थळे वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवर असल्याने हा प्रश्न सर्वाधिक येतो. भाषांतरासाठी पॉलिलँग हे प्लगिन वापरत असाल, तर प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र मेनू तयार करून तो त्या भाषेच्या जागेवर नेमावा लागतो. संकेतस्थळाचे नाव आणि घोषवाक्य पॉलिलँगच्या भाषांतराच्या तक्त्यात मिळते आणि जुन्या पद्धतीच्या विजेटला ‘हे कोणत्या भाषेत दाखवायचे’ असा पर्याय असतो. डब्ल्यूपीएमएल या प्लगिनमध्ये असे सुटे शब्द स्ट्रिंग ट्रान्सलेशन या भागात शोधून भरतात. ट्रान्सलेटप्रेस या प्लगिनची तऱ्हा वेगळी आहे : दिसणाऱ्या पानावरच शब्दावर क्लिक करून भाषांतर लिहिता येते आणि हेडरमधील शब्द एकदा बदलला की तो सर्व पानांवर बदलतो. नवख्या माणसाला ती सोपी वाटते आणि लहान संकेतस्थळासाठी मीही तीच सुचवतो.

थीमच्या आतील शब्द मात्र पीओ आणि एमओ या जोडफाइलींत असतात. पीओ फाइल माणसाने वाचायची आणि एमओ तिच्यावरून तयार होऊन यंत्राने वाचायची, असा तो प्रकार आहे. लोको ट्रान्सलेट या प्लगिनने ही फाइल डॅशबोर्डमधूनच भरता येते. मात्र ती जतन करताना थीमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये न ठेवता लोकोने सुचवलेल्या स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवावी, नाहीतर थीमची पुढची सुधारित आवृत्ती आली की केलेले काम पुसले जाते.

२०२२ च्या जानेवारीत आलेल्या ५.९ या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये ब्लॉक थीम, म्हणजे सुटे ठोकळे जोडून मांडणी करायच्या थीम, आल्या आणि हेडर-फुटर हे ‘टेम्प्लेट पार्ट’, म्हणजे साच्याचे भाग, झाले. त्यात टंकलेला मजकूर थेट साच्यातच बसतो, म्हणून जुन्या तक्त्यांत तो सापडत नाही. अशा थीमसाठी त्या भाषेचा स्वतंत्र साचा करता येतो का, हे प्लगिन विकत घेण्यापूर्वीच विचारावे.

इंग्रजी मजकुरात छोटीशी दुरुस्ती केली आणि मराठी भाषांतर नाहीसे झाले. असे का होते?

पीओ फाइलींत, आणि बऱ्याच प्लगिनच्या तक्त्यांतही, भाषांतराची ओळख मूळ वाक्यावरूनच पटवली जाते. मूळ इंग्रजी वाक्याच्या शेवटी पूर्णविराम वाढवला तरी यंत्राच्या दृष्टीने ते नवे वाक्य होते आणि जुने मराठी भाषांतर त्याला जुळत नाही. एका टॉवेल उत्पादकाच्या फुटरमध्ये मी स्वतःच एक जादा मोकळी जागा काढून टाकली आणि कन्नड व तेलुगू फुटर तीन आठवडे इंग्रजीत राहिले. मराठी बाजू मी रोज पाहत होतो म्हणून ती लगेच नीट केली. बाकी दोन भाषा मला वाचता येत नसल्याने मी त्या उघडल्याच नव्हत्या. तेव्हापासून मूळ मजकुराला हात लावला की सर्व भाषांची पाने उघडायची, हा शिरस्ता ठेवला आहे.

मेनूसाठी कोणते मराठी शब्द योग्य?

पहिली गोष्ट अशी की मेनूत नाम असावे आणि बटणावर आज्ञार्थ असावा. ‘संपर्क’, ‘उत्पादने’, ‘आमच्याविषयी’ ही मेनूची नावे. ‘शोधा’, ‘पाठवा’, ‘नोंदणी करा’ ही बटणे. दोन्हींची सरमिसळ झाली की वाचकाला कोठे दाबायचे आणि कोठे नुसते वाचायचे हे कळत नाही.

‘होम’साठी ‘मुखपृष्ठ’ हा शब्द मराठी विकिपीडियामुळेही रुळला आहे, तो घ्यावा. ‘लॉगिन’साठी काही जण हौसेने ‘प्रवेश’ लिहितात. तो शब्द चुकीचा नाही, पण महाविद्यालयाच्या किंवा शिकवणीवर्गाच्या संकेतस्थळावर ‘प्रवेश’ म्हणजे ॲडमिशन असाच अर्थ सोलापुरातला पालक लावणार, आणि जूनमध्ये त्या बटणावर दाबून पासवर्ड मागणारी चौकट पाहिली की तो थेट कार्यालयात फोन करणार. तेथे ‘लॉगिन’ हाच शब्द ठेवावा. ‘कार्ट’लाही मी हात लावत नाही. ‘सर्वाधिकार सुरक्षित’ हे हिंदीतून आलेले आहे. मराठीत ‘सर्व हक्क राखीव’ असे म्हणतात. ‘अधिक वाचा’ऐवजी ‘पुढे वाचा’ हे अधिक सहज. ‘आम्हाला फॉलो करा’ याचे ‘आमचे अनुसरण करा’ असे भाषांतर एखाद्या संप्रदायाचे आवाहन वाटते. त्या जागी ‘समाजमाध्यमांवर आम्ही’ एवढे पुरते.

घाऊक विक्रेत्यांनी ‘उत्पादने’ऐवजी ‘आमचा माल’ लिहिले तर मला आवडते. सोलापूरच्या चाटी गल्लीत आलेला गिऱ्हाईक ‘उत्पादने दाखवा’ असे म्हणत नाही.

शहराचे नाव आपोआप बदलणारे वाक्य फुटरमध्ये आहे. ते मराठीत विचित्र का दिसते?

इंग्रजीत शहराच्या नावाआधी एक सुटा शब्द ठेवला की काम भागते, म्हणून साच्यात रिकामी जागा सोडून तेथे शहराचे नाव भरले जाते. मराठीत विभक्ती नावाच्या पोटात शिरते आणि नावाचे रूप बदलते. सोलापूर असले तर ‘सोलापुरात’, म्हणजे दीर्घ ‘पू’ ऱ्हस्व होतो. पुणे असले तर ‘पुण्यात’, सांगली असली तर ‘सांगलीत’. यंत्र नुसते ‘त’ जोडून ‘सोलापूरत’ आणि ‘पुणेत’ असे लिहिते. ‘मध्ये’ जोडले तर ‘सोलापूरमध्ये’ चालते, पण ‘पुणेमध्ये’ खटकते. कन्नड आणि तेलुगूमध्येही प्रत्यय नामाला जोडूनच येतात, त्यामुळे तेथेही हीच अडचण. यावर उपाय एकच : वाक्य मोडून विसर्गचिन्हासारखे दोन टिंब वापरावेत. ‘आमचे दुकान : सोलापूर’, ‘शाखा : पुणे’. नाव प्रथमेत राहिले की कोणत्याच शहराला धक्का लागत नाही.

संख्येचेही असेच आहे. ‘१ टॉवेल’ आणि ‘५ टॉवेल’ यांत फरक नाही, पण ‘१ चादर’ आणि ‘५ चादरी’ यांत आहे. कार्टच्या चिन्हाशेजारी ‘वस्तू’ हा शब्द ठेवावा, तो एकवचनी आणि अनेकवचनी सारखाच राहतो.

यंत्रभाषांतर वापरले तर चालेल का?

लांब परिच्छेदाचा कच्चा मसुदा म्हणून चालेल. हेडरसाठी चालणार नाही. यंत्राला आजूबाजूच्या वाक्यावरून अर्थ लावायचा असतो आणि मेनूत वाक्यच नसते. एका कापड व्यापाऱ्याच्या मेनूत पहिल्या पानासाठी ‘होम’ होते आणि पडदे-पलंगपोसांच्या विभागासाठीही ‘होम’ होते. मी घाईत यंत्राचे उत्तर तसेच ठेवले आणि मराठी पट्टीत ‘घर’ हा शब्द दोन वेळा झळकला. मालकांनी शांतपणे विचारले, “आपण घरेही विकायला काढली की काय?” दोन्ही पट्ट्यांतले मिळून तीस-चाळीस शब्द असतात. ते माणसाने बसून लिहावेत.

देवनागरी मेनू तुटक किंवा चुकीचा दिसतो. दोष कशात असतो?

बहुतेक वेळा इंग्रजीसाठी केलेल्या सजावटीत. पुष्कळ थीम मेनूतील अक्षरे मोठ्या लिपीत आणि थोडी दूर दूर मांडतात. देवनागरीला मोठी-लहान लिपी नसल्याने पहिल्या सूचनेचा परिणाम होत नाही, पण लेटर-स्पेसिंगने शिरोरेषा जागोजागी तुटते आणि ‘संपर्क’ हा शब्द सुट्या मण्यांसारखा दिसतो. मराठीसाठी ते अंतर शून्य करावे. पट्टीची उंचीही मोजून वाढवावी. वेलांट्या, रफार आणि खालचे उकार यांना वर-खाली जागा लागते आणि तेलुगूतील जोडाक्षरे तर ओळीच्या खाली उतरतात.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. ‘व्यापाऱ्यांसाठी’ हा शब्द येथील घाऊक विक्रेत्यांच्या मेनूत हमखास असतो आणि तो ‘व्यापार्यांसाठी’ असा दिसतो. ‘र’ला हलन्त करून ‘य’ जोडला की रफार वर चढतो. आपल्याला हवा असलेला अर्धा ‘र’ मिळवण्यासाठी नुक्ता असलेला ‘ऱ’ टंकून त्याला ‘य’ जोडावा लागतो. जुन्या छपाईच्या फॉन्टमधून चिकटवलेला मजकूर मात्र मुळीच घेऊ नये, कारण तो युनिकोड नसतो आणि दुसऱ्याच्या पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात.

प्रत्येक पानाच्या आरंभी भाषेचा संकेत योग्य असावा : मराठीसाठी ‘एमआर’, कन्नडसाठी ‘केएन’, तेलुगूसाठी ‘टीई’, उर्दूसाठी ‘यूआर’. वाचकयंत्र त्यावरून आवाज निवडते, आणि काही फॉन्टांत तर ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे त्या संकेतामुळेच उमटतात. संकेत नसेल तर तीच अक्षरे हिंदी वळणाची दिसतात.

भाषा निवडण्याच्या जागी झेंडे लावावेत का?

लावू नयेत. झेंडा देशाचा असतो; मराठी, कन्नड आणि तेलुगू यांच्यासाठी एकच तिरंगा तीनदा लावणार का? प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहावे, म्हणजे ज्याला मराठी वाचता येत नाही त्यालाही आपली भाषा ओळखता येते. ही निवड हेडरमध्ये असावी. फुटरमध्ये ती दुसऱ्यांदा ठेवली तर हरकत नाही, पण फक्त फुटरमध्ये ठेवली तर परकी लिपी पाहून मागे फिरलेला माणूस तळापर्यंत पोहोचतच नाही.

उर्दूसाठी वेगळे काय करावे लागते?

पानाची दिशा उजवीकडून डावीकडे होते, त्यामुळे बोधचिन्ह उजवीकडे जाते, मेनू उजवीकडून सुरू होतो आणि बाण उलटे होतात. नस्तालीक वळणाचा फॉन्ट वापरल्यास ओळीची उंची बरीच वाढवावी लागते. फसगत होते ती दूरध्वनी क्रमांकात : मोकळ्या जागा सोडून लिहिलेल्या क्रमांकाचे गट उजव्या दिशेच्या ओळीत उलट्या क्रमाने मांडले जातात आणि आरंभीचे अधिक चिन्ह भलत्या टोकाला जाते. क्रमांकाभोवती डावीकडून उजवीकडे अशी स्वतंत्र दिशा द्यावी.

पत्ता, दूरध्वनी आणि निरनिराळे क्रमांक मराठीत लिहावेत का?

पत्ता लिहावा. अक्कलकोट रस्त्यावरचा माणूस आपला पत्ता इंग्रजीत सांगत नाही. शहराचे नावही भाषेगणिक बदलते. कन्नडमध्ये ते ‘सोल्लापूर’ या उच्चाराजवळचे आहे आणि कन्नड वाचकासाठी तेच रूप घ्यावे. पिनकोड देवनागरी अंकांत चालतो, पण दूरध्वनी क्रमांक मी इंग्रजी अंकांतच ठेवतो. सोलापूरचा ०२१७ हा संकेतांक देवनागरीत सुरेख दिसतो खरा, पण लोक क्रमांक उचलून डायलरमध्ये चिकटवतात आणि सगळेच फोन देवनागरी अंक स्वीकारतील याचा भरवसा नसतो. दुव्याच्या आतला क्रमांक तर इंग्रजी अंकांतच हवा.

जीएसटी क्रमांक पंधरा चिन्हांचा असतो, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो आणि त्यात रोमन अक्षरे असतात. तो, तसाच कंपनीचा एकवीस चिन्हांचा नोंदणी क्रमांक, कोणत्याही भाषेत भाषांतरित किंवा लिप्यंतरित करू नये. बाजूचे लेबल मराठीत आणि क्रमांक जसाच्या तसा.

फुटरमधील कायदेशीर मजकुराचे काय?

तो सगळ्यात शेवटी भाषांतरित होतो आणि खरे तर आधी व्हायला हवा. संकेतस्थळ असलेल्या कंपनीने आपले नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, नोंदणी क्रमांक, दूरध्वनी, ई-मेल आणि संपर्क व्यक्तीचे नाव मुखपृष्ठावर द्यावे, असे कंपनी (इनकॉर्पोरेशन) नियम, २०१४ सांगतात. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू होतात. त्यानुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क द्यावा लागतो आणि त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते. ही माहिती फुटरमध्येच जाते. मग ‘तक्रार निवारण अधिकारी’ हे शब्द तक्रार करणाऱ्याच्या भाषेत नकोत का?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ५ मध्ये माहिती घेताना ग्राहकाला दिली जाणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा अशी तरतूद आहे. अनुसूचीतील २२ भाषांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही येतात. ‘गोपनीयता धोरण’ हा दुवा मराठीत करून आतले पान इंग्रजीत ठेवणे हा येथे सर्रास दिसणारा प्रकार आहे आणि तो टाळावा. दुकानाच्या पाटीवरील मराठीची सक्ती वेगळ्या कायद्यातून आली आहे, ती आस्थापनांच्या फलकांविषयी आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

प्रताधिकाराच्या ओळीतील वर्ष दर जानेवारीला बदलावे लागते का?

वर्ष हाताने टंकले असेल तर प्रत्येक भाषेत वेगवेगळे बदलावे लागते, आणि एखादी भाषा राहूनच जाते. ते आपोआप येईल अशी सोय करून घ्यावी.

गूगलसाठी हेडरमध्ये काही करावे लागते का?

कोणते पान कोणत्या भाषेतली प्रत आहे हे सांगणाऱ्या एचरेफलँग नावाच्या खुणा द्याव्या लागतात, पण त्या हेडरमध्ये नाही, पानाच्या ‘हेड’ भागात असतात आणि तो भाग पडद्यावर दिसतच नाही. नावांतील साम्यामुळे हा घोळ नेहमी होतो. प्लगिन त्या खुणा स्वतः घालते. आपण एवढेच पाहावे की भाषा बदलणारा दुवा त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेतील प्रतीकडे नेतो; टॉवेलच्या पानावरून कन्नड निवडल्यावर मुखपृष्ठ उघडले, तर त्या पानाची कन्नड प्रत जोडायची राहिली आहे असे बहुधा समजावे.

कन्नड आणि तेलुगू शब्द कोणाकडून तपासून घ्यावेत?

बंगळूर किंवा हैदराबाद येथील भाषांतरकाराचे शब्द शुद्ध असतात, पण सोलापूरच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी तेलुगू मराठीत मिसळून मुरलेली आहे. भाषांतरकाराकडून लिहून घ्यावे आणि नंतर दुकानातल्याच तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या माणसाला मोबाइलवर दाखवून ‘हे दाबल्यावर काय उघडेल असे वाटते?’ एवढेच विचारावे. त्याने सांगितलेले उत्तर आणि उघडणारे पान जुळले नाही, तर शब्द बदलावा.

काम पूर्ण झाले हे कसे ओळखावे?

मुखपृष्ठ पाहून ओळखू नये, ते सगळेच पाहतात. न सापडलेल्या पानाची सूचना, काहीच न मिळालेला शोध, रिकामी कार्ट, लॉगिन केल्यानंतरचे हेडर आणि ऑर्डरनंतर येणाऱ्या ई-मेलचा तळ, ही ठिकाणे प्रत्येक भाषेत एकेकदा उघडावीत. ई-मेलचा तळ तर दुसऱ्याच साच्यातून येतो, आणि ‘सर्व हक्क राखीव’ची इंग्रजी मूळ ओळ बहुधा तेथेच शिल्लक राहिलेली सापडते.